सात सह्या : गावात हँडबॉलचा क्लब नोंदवताना

२५ जून २०२३, रविवार. त्या वर्षी पाऊस लांबला होता. संध्याकाळी आमच्या ओसरीवर पाण्याच्या गुंडाला मोबाईल टेकवून ठेवला होता आणि समोर चौदा पोट्टे-पोट्ट्या दाटीवाटीनं बसल्या होत्या. जयपूरच्या सवाई मानसिंग इनडोअर स्टेडियममध्ये प्रीमियर हँडबॉल लीगच्या पहिल्याच हंगामाचा अंतिम सामना चालू होता, महाराष्ट्र आयर्नमेन विरुद्ध गोल्डन ईगल्स उत्तर प्रदेश. आयर्नमेननं ३८-२४ असा जिंकला. शेवटच्या पाच मिनिटांत आमच्या ओसरीवरचा आवाज ऐकून शेजारच्या आजी काठी टेकत पाहायला आल्या.

८ जूनपासून जमेल तेवढे सामने आम्ही पाहिले होते. तेलुगू टॅलन्स, राजस्थान पॅट्रियट्स, दिल्ली पँझर्स, गर्वित गुजरात ही बाकीची नावंही पोरांना पाठ झाली होती. सामना संपल्यावर शेजारचा दहावीतला पोरगा म्हणाला, "काकू, आयर्नमेनमधी जायचं असन तं आधी कोणत्या टीमकून खेळा लागते?" आणि माझ्या थोरलीनं लगेच विचारलं, "अन् पोरींची लीग कधी हाय?"

दोन्ही प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी स्वतः शाळेत विभागीय स्पर्धेपर्यंत आणि पुढे कॉलेजच्या संघातून हँडबॉल खेळले. लग्नानंतर या गावात आले. शाळेचे गणवेश शिवते, घरची सहा एकर कपाशी-तूर आहे. २०१९ पासून संध्याकाळी जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणावर पोरांना शिकवते. पोरं तालुका, जिल्हा शालेय स्पर्धेत उतरतात. पण शालेय स्पर्धेत नाव शाळेचं असतं. शाळा सुटली की खेळणारा मोकळ्या वावरात उभा राहतो, पुढचा धुरा, म्हणजे बांध, कुठं ते दिसतच नाही. या दोन वर्षांत तो धुरा शोधताना जे जे करावं लागलं ते तारखांसकट लिहिते आहे. कोणाला गावात खेळाचा क्लब नोंदवायचा असेल, तर चार खेटे वाचतील.

आमचं गाव वर्धा नदीच्या काठावर आहे. अलीकडे एक जिल्हा, नदीपलीकडे दुसरा. कोणता, ते मुद्दाम लिहीत नाही. कायदा दोन्हीकडे एकच आहे.

"क्लब कोणता?"

तान्ह्या पोळ्यानंतरचा रविवार, १७ सप्टेंबर २०२३. जिल्ह्याच्या ठिकाणी मुलींच्या खुल्या निवड चाचण्या होत्या. नऊ मुलींना घेऊन पहाटे साडेपाचच्या एसटीनं निघालो. महिलांना अर्धं तिकीट त्याच वर्षी मार्चपासून सुरू झालं होतं, म्हणून नऊ जणींना नेणं परवडलं. टेबलावरच्या माणसानं फॉर्म पुढे केला आणि विचारलं, "क्लब कोणता?" मी गावाचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "गाव नाही ताई, क्लब. नोंदणी झालेला, संघटनेला जोडलेला." तो उद्धटपणे बोलला नाही, नियम तसाच होता. मुलींना वैयक्तिक चाचणी देता आली, पण संघ म्हणून उभं राहता आलं नाही. परतीच्या एसटीत कोणी बोललं नाही. आमची गोलकीपर, जी एरवी दर थांब्याला खिडकीतून काहीतरी दाखवत असते, ती डोकं खिडकीला टेकवून झोपल्याचं सोंग करत होती.

त्या रात्री मला कॉलेजातल्या आमच्या सरांची आठवण झाली. जर्मनीतल्या गुमर्सबाख या गावाबद्दल ते नेहमी सांगायचे. जेमतेम पन्नास हजार वस्तीचं गाव, आपल्या हिंगणघाटाच्या निम्मं. पण तिथल्या क्लबनं युरोपातल्या मोठ्या शहरांच्या संघांना हरवून कितीतरी चषक आणले. तो क्लब १८६१ सालचा. जर्मनीची राष्ट्रीय हँडबॉल लीग, बुंडेसलिगा, सुरू झाली १९६६ ला. म्हणजे क्लब आधी आणि लीग त्यानंतर शंभर वर्षांनी. तिथं वरच्या विभागात १८ संघ खेळतात. तळाचे दोन खालच्या विभागात जातात आणि खालून दोन वर येतात. त्यामुळे लहान गावातल्या क्लबलाही वर जायला जिना आहे, एकेक पायरी चढत जाता येतं.

आपली लीग वरून खाली आली. सहा संघ, सहा मालक, एक स्टेडियम, अठरा दिवस. मला ती लीग मनापासून आवडली. आमच्या पोरांनी पहिल्यांदा हँडबॉल पडद्यावर नीट पाहिला तो तिच्यामुळेच. पण तिच्यात उतरलेले बरेचसे भारतीय खेळाडू सेनादल, रेल्वे किंवा साईच्या (भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या) केंद्रातून घडलेले होते. पोराच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच अडलं होतं. जिन्याची खालची पायरी आपल्या गावात कोणी बांधलेलीच नाही, आणि ती मुंबई-पुण्याहून कोणी येऊन बांधणार नाही.

सात माणसं

२ ऑक्टोबरला ग्रामसभा झाली. ती आटोपल्यावर लोक उठायच्या आत मी विषय मांडला. गावात एक निवृत्त ग्रामसेवक आहेत, आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणतो. ते म्हणाले, "बाई, संस्था नोंदवा लागन. सोसायटी रजिस्ट्रेशनचा कायदा हाय, १८६० चा. कमीत कमी सात माणसं पाहिजे. मी एक झालो, तू दुसरी."

पुढे वाचताना मला कळलं की जर्मनीतही संस्था नोंदवायला कमीत कमी सातच सभासद लागतात. हँडबॉलच्या मैदानातही एका बाजूचे सात. काकाजींना हे सांगितलं तर ते खूश झाले. त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात ७ लिहून ठेवलं. ती वही अजून क्लबच्या कपाटात आहे.

सात जण जमवायला मात्र पाच आठवडे लागले. सही म्हटलं की लोक कचरतात. उद्या कर्ज निघालं तर? कोर्टाची नोटीस आली तर? एकानं होकार दिला आणि घरून नकार आला म्हणून दुसऱ्या दिवशी परत घेतला. मी प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगितलं की ही सही कर्जाची नाही, जामीनही नाही, हिशेबाची जबाबदारी आहे. शेवटी काकाजी अध्यक्ष, मी सचिव, आणि वेल्डिंगचं दुकान असलेला भाऊ, शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष बाई, औषधाच्या दुकानातली ताई, ट्रॅक्टरवाले मामाजी आणि दूध संकलन करणारा तरुण असे सात झाले. एक सांगते, एकाच घरातली नावं घालू नका. माझे यजमान सगळीकडे सोबत फिरले, पण सभासदांत त्यांचं नाव नाही. एकाच कुटुंबाची संस्था दिसली की प्रश्न येतात, आणि यावेत हेच बरोबर आहे.

१९ नोव्हेंबरला पहिली रीतसर सभा घेतली. इतिवृत्त हातानं लिहिलं, ठराव मांडणाऱ्याचं आणि अनुमोदकाचं नाव घातलं. या कागदाला पुढे फार महत्त्व येतं, म्हणून सभा खरोखर घ्या आणि त्याच दिवशी लिहून काढा.

कागद

आधी नाव ठरवायचं होतं. पोरांनी सुचवलेल्या पहिल्या नावात 'राष्ट्रीय' शब्द होता. सरकारी वाटेल असा शब्द नावात चालत नाही, तो गळाला. दुसऱ्या नावाची संस्था जिल्ह्यात आधीच होती. तिसरं मिळालं. अर्ज करताना पसंतीक्रमानं तीन नावं तयार ठेवा, नाहीतर एका नावासाठी सगळे कागद पुन्हा टाइप करावे लागतात.

मग संस्थेचं ज्ञापन आणि नियमावली. लोक याला एकत्रित 'घटना' म्हणतात. ज्ञापनात नाव, पत्ता, उद्देश आणि पहिल्या कार्यकारिणीची यादी असते. नियमावलीत सभासद कसे होणार, वर्गणी किती, सभा कधी, निवडणूक किती वर्षांनी, बँकेत सह्या कोणाच्या, हे सगळं.

इथं मी मोठी चूक केली. गावातल्या बचत गटाची नियमावली चांगली टाइप केलेली होती, ती घेतली आणि नावं बदलून वापरली. त्यात एका कलमात 'सभासदांना लाभांश वाटप' राहून गेलं. १८६० च्या कायद्याखालच्या संस्थेला नफा वाटता येत नाही. संस्था बंद झाली तरी उरलेला पैसा सभासदांच्या खिशात जात नाही, तशाच दुसऱ्या संस्थेकडे जातो. विसर्जनासाठी तीन पंचमांश सभासदांची संमती लागते. ही कलमं आमच्या नियमावलीत नव्हतीच. नोंदणी कार्यालयातून फाइल परत आली तेव्हा मला रडू आलं. पण ज्यांनी परत केली त्यांनी पेन्सिलनं नेमकी ओळ अधोरेखित करून दिली होती. त्यानंतर मी कायद्याचं मराठी पुस्तक काकाजींबरोबर बसून तीन रात्री वाचलं आणि नियमावली नव्यानं लिहिली. उद्देशातही 'हँडबॉल' एवढंच न लिहिता 'हँडबॉल व इतर मैदानी खेळ, त्यांचं प्रशिक्षण व स्पर्धा' असं लिहिलं. उद्या कोणी कबड्डीची पोरं घेऊन आलं तर घटना बदलायला नको.

दुसरी अडचण पत्त्याची. कार्यालयाचा पत्ता आमच्या घराचा द्यायचा ठरलं होतं. त्यासाठी ग्रामपंचायतीचा नमुना आठ (घराच्या कर-आकारणीचा उतारा), घरटॅक्सची पावती आणि मालकाचं ना-हरकतपत्र लागतं. नमुना आठ काढला तर घर अजून सासऱ्यांच्या नावावर. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, वारसांची नोंद आम्ही केलीच नव्हती. यजमानांचं ना-हरकतपत्र त्यामुळे चालण्यासारखं नव्हतं. काकाजींचं घर त्यांच्याच नावावर होतं, म्हणून पत्ता त्यांचा झाला. आमच्या घराची वारस नोंद मी पुढच्या उन्हाळ्यात करून घेतली. क्लबच्या निमित्तानं घरचंही एक राहिलेलं काम झालं.

तिसरी अडचण नावांची. माझं आधार सासरच्या नावानं, पॅन माहेरच्या. औषधाच्या दुकानातल्या ताईचंही तसंच. मामाजींच्या आडनावात एका ठिकाणी दीर्घ वेलांटी, दुसरीकडे ऱ्हस्व. बायकांची नावं सभासदांत असतील तर हे सगळ्यात आधी तपासा. आमचे डिसेंबरचे तीन आठवडे निव्वळ यात गेले, आणि तेही ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत. दिवसा वावर, रात्री कागद.

१८ जानेवारी २०२४ ला अर्ज आधी ऑनलाइन भरला आणि मग प्रत घेऊन जिल्ह्याला गेले. वर सांगितलेली फाइल परत आली ती फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. सुधारून दिली आणि २३ फेब्रुवारीला १८६० च्या कायद्याचं प्रमाणपत्र हाती आलं. मला वाटलं झालं. काकाजी म्हणाले, "आता अर्धं झालं."

महाराष्ट्रात अशा संस्थेला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालीही नोंद करावी लागते. त्यासाठी तीन महिन्यांच्या आत वेगळा अर्ज. त्यावर चौकशी होते, कोणाची हरकत असेल तर यावी म्हणून नोटीस लागते. आमची नोटीस ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली तेव्हा गावात कुजबूज सुरू झाली की काहीतरी गैर झालं असणार. मला चावडीवर उभं राहून सांगावं लागलं की ही पद्धत आहे, सगळ्यांनाच लागते. तुमच्या गावात नोटीस लागायच्या आधीच लोकांना सांगून ठेवा.

मधे लोकसभेची निवडणूक आली. आमच्याकडे २६ एप्रिलला मतदान होतं, सगळी यंत्रणा त्या कामात. मग ऊन, मग पेरणी. १२ जुलैला दुसरं प्रमाणपत्र मिळालं. त्या दिवशी पाऊस इतका होता की प्रमाणपत्र प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालून पोटाशी धरून आणलं. गावात उतरले तर फाट्यावर सगळ्या पोरी भिजत उभ्या होत्या.

खर्चाचं लिहिते, कारण सगळे तेच विचारतात. टायपिंग आणि छपाई १,१५०, स्टँप, प्रतिज्ञापत्रं, नोटरी मिळून १,४००, शुल्क आणि तिकिटं ३५०, झेरॉक्स आणि फोटो ६००. जिल्ह्याचे अकरा खेटे, अर्ध्या तिकिटानं जाऊन-येऊन ९० प्रमाणे ९९०. संस्थेच्या पॅनचे १०७. एकूण ४,५९७ रुपये. कार्यालयाबाहेर एकानं हेच काम पंधरा हजारांत करून देतो म्हटलं होतं. ज्याच्याकडे वेळच नाही त्यानं द्यावेत, त्यात वाईट काही नाही. पण स्वतः केलं तर आपली घटना आपल्याला तोंडपाठ होते, आणि पुढे दर वेळी तीच कामी येते.

बँकेचं खातं सप्टेंबरमध्ये उघडलं. ठरावाची प्रत, दोन्ही प्रमाणपत्रं, घटना, पॅन, तीन पदाधिकाऱ्यांचे कागद. कोणत्याही दोघांच्या सह्या लागतील असं लिहून घेतलं. वर्गणीची पहिली रक्कम २,१०० रुपये, तीन-तीनशे प्रत्येकी.

संघटना

खेळाच्या कागदात दोन वेगळी दारं आहेत आणि सुरुवातीला मी दोन्ही एकच समजत होते. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय सरकारी, शालेय स्पर्धा त्यांच्याकडे. जिल्ह्याची हँडबॉल संघटना ही आपल्यासारखीच नोंदणीकृत संस्था, खुल्या गटाच्या निवडी तिच्याकडे. ती राज्य संघटनेला जोडलेली, राज्य संघटना राष्ट्रीय महासंघाला. हँडबॉलमध्ये राष्ट्रीय पातळीवर मान्यतेवरून वाद झालेले आहेत. त्यामुळे पैसे भरण्याआधी संघटनेच्या संलग्नतेचं पत्र पाहायला मागा. मागायला संकोच वाटतो, तरी मागा. नोकरीतलं पाच टक्के क्रीडा आरक्षण असो की दहावी-बारावीचे सवलतीचे गुण, पोराच्या हातातलं प्रमाणपत्र मान्य संघटनेचं नसेल तर त्याची वर्षं वाया जातात. आमच्या तालुक्यात एका पोराचं तसं झालेलं मी पाहिलं आहे.

आम्ही डिसेंबर २०२४ मध्ये अर्ज दिला. खेळाडूंची यादी, जन्मदाखले, मैदानाची माहिती, दोन प्रमाणपत्रांच्या प्रती. मैदानाच्या रकान्यात मी 'जि. प. शाळेचं पटांगण' लिहिलं आणि त्यांनी विचारलं, "चाळीस बाय वीस आहे का?"

मैदान

हा भाग लिहायला मला सगळ्यात आवडतो.

चाळीस मीटर लांब, वीस मीटर रुंद. एवढी सपाट जागा गावात दोनच ठिकाणी होती. एक गावालगतची ई-क्लास जमीन. पण ई-क्लास म्हणजे सरकारी, तिच्यासाठी ग्रामपंचायतीचा ठराव पुरत नाही, प्रकरण वर जातं आणि वर्षं लागतात. दुसरी शाळेची. शाळा व्यवस्थापन समितीनं ठराव दिला की शाळा सुटल्यावर आणि सुटीच्या दिवशी क्लबला पटांगण वापरता येईल आणि देखभाल क्लब करेल. दोन्हींत दुसरा मार्ग धरा.

जमीन आमची काळी, भारी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात चप्पल आत राहते. हँडबॉलमध्ये चेंडू टप्पा देत न्यावा लागतो. काळ्या मातीवर टप्पा एकदा उठतो, एकदा मरतो. म्हणून मुरूम टाकायचा ठरला. चार इंच थर धरला तर आठशे चौरस मीटरला २८ ब्रास लागतो (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). मामाजींनी ट्रॅक्टर दिला, डिझेल क्लबचं. परवाना आणि रॉयल्टी धरून ब्रासमागे १,१०० पडले, म्हणजे ३०,८००. मुरूम विनापरवाना उचलू नका, गावकीच्या कामासाठी असला तरी. पैसा कापूस विकला गेल्यावर घरोघर फिरून जमवला. कोणी पन्नास दिले, कोणी हजार. एका आजीनं पायली भर तूर दिली, ती विकून पावती तिच्या नावानं फाडली.

फेब्रुवारी २०२५ चे चार रविवार श्रमदान. पसरायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, पुन्हा पाणी. मधल्या भागाला किंचित उंच ठेवून दोन्ही बाजूंना उतार दिला, नाहीतर पहिल्याच पावसात तळं होतं.

गोलपोस्ट आमच्या वेल्डर भावानं केले. आतून आतून तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच, आठ सेंटिमीटरचा चौकोनी पाइप. लाल-पांढरे पट्टे वीस-वीस सेंटिमीटरचे. दोन पोस्टचं साहित्य १६,४००, मजुरी त्यानं घेतली नाही. पोस्ट जमिनीत पक्के गाडा किंवा मागून खिळवा. मोकळा पोस्ट लटकणाऱ्या पोरावर उलटतो, यात हयगय करू नका.

रेषा मारताना आम्ही पहिल्यांदा चुकलो. सहा मीटरची रेषा म्हणजे अर्धवर्तुळ, असं समजून गोलच्या मध्यावर खिळा ठोकून दोरी फिरवली. काहीतरी बेढब दिसत होतं. नियमपुस्तक काढलं. ते अर्धवर्तुळ नसतंच. गोलसमोर सहा मीटरवर तीन मीटरची सरळ रेषा असते, आणि दोन्ही खांबांपाशी वेगवेगळे खिळे ठोकून सहा मीटर दोरीनं पाव-पाव वर्तुळ काढायचं. मग बाहेर नऊ मीटरची तुटक रेषा, सात मीटरवर एक मीटरची पेनल्टीची रेषा. चुना संपला तेव्हा अंधार पडला होता. पोरींनी मोबाईलच्या उजेडात त्या रेषेबाहेरून पहिले शॉट मारले. माझ्या थोरलीनं झेप घेऊन चेंडू टाकला आणि मुरुमावर गुडघा सोलून घेतला. आणि लगेच पुन्हा रांगेत उभी राहिली.

चेंडूबद्दल एक गोष्ट. पोरांना मोठा चेंडू देऊन हात बिघडवू नका. तीन मापं असतात. पुरुषांचा तीन नंबरचा, घेर ५८ ते ६० सेंटिमीटर. महिलांचा दोन नंबरचा, ५४ ते ५६. लहानांचा एक नंबरचा, ५० ते ५२. एका हातात मावला पाहिजे. आम्ही दोन नंबरचे चार आणि एक नंबरचे चार घेतले. घाऊक घेतल्यानं एक ८५० ला पडला.

रकाना

संघटनेची मान्यता एप्रिल २०२५ मध्ये आली. वार्षिक शुल्क १,००० रुपये, पावती घेतली.

१४ सप्टेंबर २०२५, पुन्हा रविवार, पुन्हा पहाटेची एसटी. या वेळी बारा मुली. जर्सी मी शिवल्या. पांढऱ्या कापडाचा कापूस आमच्याच भागातला असेल नसेल, पण पोरींना तसंच वाटतं. टेबलावर तोच माणूस होता की दुसरा, आठवत नाही. फॉर्मवर क्लबच्या नावाचा रकाना होता. मी लिहायला पेन उचललं तर गोलकीपर म्हणाली, "काकू, मी लिहू?" तिनं लिहिलं. अक्षर तिचं सुरेख आहे. खाली दोन्ही नोंदणी क्रमांक तिनं न पाहता घातले. फाइलची झेरॉक्स काढायला मी तिलाच पाठवायची, तेव्हा पाठ झाले असावेत.

पहिला सामना २४-११ नं हरलो. दुसरा १९-१७ नं. दुसऱ्यात शेवटच्या मिनिटाला आमच्या एकीला दोन मिनिटांसाठी बाहेर बसवलं आणि सहा जणींनी तो वेळ काढला. त्या साठ सेकंदांत त्यांनी एकही गोल होऊ दिला नाही. मी दोन्ही मुठी आवळून उभी होते. त्यातल्या दोघींची जिल्ह्याच्या संघात निवड झाली. ज्या पोरानं ओसरीवर तो प्रश्न विचारला होता तो आता बारावीला आहे. मुलांचा संघ जानेवारीत उतरेल. त्याला मी सांगितलं की आधी आपला क्लब, मग जिल्हा, मग राज्य, मग सेनादल, रेल्वे, लीग जे काय जमेल ते. त्यानं विचारलं, "किती वर्षं लागतीन?" मी म्हटलं, तीन वर्षं नक्की, पुढचं खेळावर.

पोरींच्या लीगचं थोरलीला अजूनही काही सांगता आलेलं नाही. ती विचारायचं थांबलेली नाही.

सध्या एक कागद राहिला आहे. दूध संकलन करणारा आमचा सभासद ऑक्टोबरमध्ये नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्यानं कार्यकारिणीचा राजीनामा दिला. विश्वस्तांत, म्हणजे आमच्या कार्यकारिणीत, बदल झाला की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो, १९५० च्या कायद्याच्या कलम २२ खाली. उशीर केला तर माफीचा वेगळा अर्ज आणि वेगळे खेटे. त्याच्या जागी ज्या बाई आल्या, त्यांच्या आधार आणि पॅनवरची नावं मी आधीच तपासली आहेत, दोन्ही सारखी आहेत. ठराव झाला आहे, इतिवृत्त लिहिलं आहे. वर्षाचा हिशेबही त्याच फेरीत तपासनिसाकडे द्यायचा आहे, त्याच्या पावत्या काकाजींकडच्या डब्यात महिन्यानुसार लावून ठेवल्या आहेत. येत्या सोमवारी साडेपाचच्या एसटीनं जाईन.